पिट्सबर्गमधली हाळी

प्रिय प्रणित,

तुझे सगळे मेसेज वाचले. 'आई, अजून राग गेला नाही का', 'आई, फोन तरी उचल', 'आई, व्हिडिओवर ये, रिया तुला शोधते'. मी प्रत्येकाला नुसता अंगठा पाठवला आणि तू समजलास, म्हातारी फुगून बसलीय. तर आधी हे ऐक. मी रुसलेली नाही. रुसायचंच असतं तर तुझ्या घरात, तुझ्या डोळ्यांसमोर बसून रुसले असते, त्यासाठी पनवेल कशाला गाठलं असतं? आणि माफीही मागत नाही. सुमतीबरोबर ते बारा दिवस हुंदडले ते हुंदडले. तसेच बारा दिवस उद्या मिळाले तर उद्या निघेन. पत्र बघून दचकू नको. बोलताना हाय-नाय करत असले तरी दहावी झालेली आहे तुझी आई, लिहिते ते शुद्धच लिहिते.

माझा आवाज तुला लहानपणापासून खुपतो, हे मला ठाऊक आहे. मित्र बरोबर असले की तू मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीनं घरी जायचास. मी पाटीमागून बघायचे आणि मुद्दाम हाक मारायचे नाही. पण बाबा रे, त्याच आवाजावर तुझं इंजिनीअरिंग झालंय. तुझे बाबा गेले तेव्हा तू सहावीत होतास. मोरा बंदराच्या धक्क्यावर पहाटे मासळीच्या लिलावाला उभं राहायचं, वीस जणींच्या गलक्यात आपली बोली वर काढायची, टेम्पोनं पनवेलला यायचं आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी करायची. तिथं कुजबुजून भागतंय होय? बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात. पलीकडच्या आळीतल्या डॉक्टरीणबाई माझी हाळी ऐकली की पिशवी घेऊन निघायच्या. माझ्याकडे दुसरं भांडवल होतं काय?

अमेरिकेत तुमच्या एडिसनच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिल्याच दिवशी ऐकलं, आई, हळू. रिया झोपलीय, हळू. अंकिताची मीटिंग चालू आहे, हळू. भिंती पातळ आहेत, शेजारी तक्रार करतात, हळू. अंकितानं कधी वाकडा शब्द काढला नाही, खोटं कशाला बोलू? तुम्ही दोघं दमता, नोकरीची धास्ती, व्हिसाची धास्ती, सगळं कळतं मला. पण चार महिन्यांत मी इतकी हळू झाले की रियाला अंगाईसुद्धा ओठातल्या ओठात म्हणायला लागले. त्या पोरीला वाटलं असेल, आजी म्हणजे कोणीतरी फुसफुसणारी बाई. एकदा सुके बोंबील भाजायला घेतले, तर धूर हुंगणारं ते छताचं यंत्र जे किंचाळायला लागलं! तू टॉवेल हलवत धावलास. मला हसू आलं. अख्ख्या घरात ओरडायची परवानगी त्या एका यंत्राला. पुढे माझा आवाज घोगरा झाला तेव्हा तू म्हणालास, एसीनं झालं असेल, गरम पाणी पी. प्यायले.

सुमतीला मात्र फोनवर माझं पहिलं वाक्य ऐकूनच काहीतरी खटकलं. ती आणि मी मोऱ्याच्या एकाच आळीतल्या, एका बाकावर बसलेल्या. ती नर्स होऊन तिकडे गेली त्याला पस्तीस वर्षं झाली, आता रिटायर झालीय आणि तुमच्यापासून तासाभरावर राहते. रात्रपाळीत पेशंटांच्या खोल्यांमधून टीव्हीवर बेसबॉल बघून बघून तिला त्याचं वेड लागलं. देशात मोठ्या संघांची तीस मैदानं आहेत म्हणे. दरवर्षी एखाददुसरं बघत बघत तिची एकोणीस झाली होती. नवरा म्हणतो हिला खूळ लागलंय, म्हणून बाई एकटीच जाते. मी पंधरवडाभर सुमतीकडे राहते म्हणून तुला सांगितलं, तूच मला सोडायला आलास. तिसऱ्या दिवशी तिनं तिची लाल गाडी दारात आणली आणि म्हणाली, "भामे, बस. ओरडायला जायचंय." मी विचारलं, कुठं? तर म्हणे जिथं चाळीस हजार माणसं ओरडतात आणि कोणी हळू म्हणत नाही तिथं.

न्यूयॉर्क झालं, बॉस्टन झालं, क्लीव्हलँड झालं. गाडीत जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या, मोटेलच्या खोलीत घमघमाट सुटायचा आणि आम्ही दोघी खिडकी उघडून हसत बसायचो. खेळ मला पहिल्या दिवशी कळला नाही. तीनदा हुकलं की घरी जा, एवढं कळलं आणि ते न्यायाचं वाटलं. दुसऱ्या मैदानावर कळलं की चेंडू प्रेक्षकांत आला की तो पकडणाऱ्याचा, परत द्यायचा नाही. तेव्हापासून मी हात पसरूनच बसायचे. सुमती मला शिकवायची, आता शिट्टी मार, आता आपल्या दांडूवाल्याला चेव आण, आता पंचाला शिव्या दे. पंचाला शिव्या मी आपल्या भाषेत दिल्या. शेजारच्या गोऱ्या बाईला एक अक्षर कळलं नाही, पण तिनं टाळ्या वाजवल्या. रोज संध्याकाळी माझा आवाज आणखी फाटलेला असायचा आणि सुमती मधाचा चमचा पुढे करायची. गप्प राहा असं एकदाही म्हणाली नाही.

मग पिट्सबर्ग. मैदानाला लागून नदी, नदीवर पिवळा पूल, आणि मला मोऱ्याचा धक्का आठवला. तिथं एक शेंगदाणेवाला होता, पांढऱ्या दाढीचा, गळ्यात पेटी, पायऱ्या चढत उतरत हाळी देणारा. काय आवाज त्याचा! पोटातून काढलेला, शेवटी उंच नेऊन सोडलेला. चार महिन्यांत मला पहिल्यांदा आपल्या धंद्यातलं माणूस भेटलं. मी हात वर केला तर त्यानं सहा रांगा खालून पुडी फेकली. होडीतून फेकलेला मासा झेलण्यात आयुष्य गेलं माझं, एका हातात झेलली. त्यानं टोपी काढली. मग मला राहवलं नाही रे. खेळ थांबला होता, सगळे उभे राहून कसलंसं गाणं म्हणत होते, ते संपलं आणि मी पदर खोचून उभी राहिले.

"या गो बायांनो! ताजी सुरमय हाय, पापलेट हाय! मंग बोलू नको, सांगितला नाय!"

सगळी रांग वळली. शेंगदाणेवाल्यानं खालून त्याच्या हाळीनं उत्तर दिलं. मी पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा वर बघते तर त्या भल्यामोठ्या पडद्यावर मी, तोंड उघडं, नथीसकट. अख्ख्या मैदानानं आरोळी ठोकली. संघ हरलाच, पण त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी बाल्टिमोरच्या वाटेवर तुझा फोन आला. टीव्हीवर दाखवलं होतं, ऑफिसातल्या कोणी तुला पाठवलं होतं, आणि काशीराममामानं कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. तू म्हणालास, "आई, तू काय तमाशा मांडलास? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." मामाला ते काढायला लावलंस, सगळ्यांना पुसायला सांगितलंस. मी फोन ठेवला. मला लागलं, प्रणित. कोळणीचा मुलगा कोळणीच्या हाळीला तमाशा म्हणतो, हे फार लागलं. परत आल्यावर मी तीन दिवसांत बॅग भरली आणि निघाले. तू विमानतळावर माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस. भांडणामुळेच आई सहा महिने पुरे न करता पाचव्यातच निघाली, असं तुला आजही वाटतं.

आता माझं परतीचं तिकीट शोध आणि ते काढल्याची तारीख बघ. ते भांडणाच्या आठवडाभर आधी काढलेलं आहे. फोनवर आवाज खटकला म्हणून सुमती एका दुपारी तू ऑफिसात असताना आली होती, मला तिच्या जुन्या हॉस्पिटलात घेऊन गेली होती. घशात गाठ होती आणि ती वाईट होती. सुमतीकडे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तिकडचा विमा माझा नव्हता. तुला सांगितलं असतं तर तू घर विकलं असतंस नाहीतर नोकरी टाकून माझ्याबरोबर आला असतास. म्हणून काशीरामला शपथ घातली आणि त्यानं मुंबईत ऑपरेशनची तारीख घेतली. विमानाला पंधरा दिवस होते. ओरडून गाठ वाढत नाही आणि गप्प बसून बरी होत नाही, असं सुमतीनं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मग आम्ही निघालो. असलेला आवाज कुजबुजून संपवायचा नाही असं मी ठरवलं होतं. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. गाठ स्वरयंत्रासकट पूर्ण निघाली, डॉक्टर खूश आहेत, गळ्याला छिद्र आहे, त्यावर मऊ फडकं बांधते. आवाज गेला. म्हणून फोन उचलत नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र देणार आहेत, त्यातून पत्र्यासारखं बोलता येतं म्हणे. त्यातूनही भाव करीन, आणि गिऱ्हाईक सोडणार नाही. तू धावत येऊ नको, व्हिसाचं नीट होऊ दे. रडायचं असेल तर रड, पण मला बिचारी म्हटलंस तर याद राख. तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तो व्हिडिओ शोध. तू सगळ्यांकडून पुसून घेतलास, पण तुझ्या फोनच्या वेळी मागे अंकिता हसत होती, मी ऐकलंय, तिनं नक्की ठेवला असेल. नसेल तर त्या ऑफिसवाल्याकडे तोंड वर करून माग. माझा खरा आवाज आता तेवढाच उरलाय. रियाला जवळ घे, खिडक्या उघड आणि लाव. हळू लावू नको.

तुझीच,
तोंडाळ आई