बरी झाली की घरी

४ नोव्हेंबर
आले एकदाची! सामान म्हणजे एक पेटी आणि आईने जबरदस्तीने कोंबलेली पांघरुणं. जागा छान आहे. पांढऱ्याशुभ्र भिंती, धुतलेल्या चादरी, औषधांच्या कपाटाला चक्क काच. विकल्या गेलेल्या मुलींना सोडवून इथे आणतात. त्यांच्या जखमा, आजार, झोपेतलं दचकणं, सगळं आता मी बघायचं. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. गोड स्वभाव. स्वतः खोली दाखवली, उशी बदलून दिली. इथला नियमही त्यांनीच सांगितला: बरी झाली की घरी. आजारी मुलगी कुणाच्या हवाली करायची नाही. दर सोमवारी डॉक्टर फेरी मारतात आणि नर्सला विचारतात. ती बरी म्हणाली, की मुलीची मावशी, आत्या, जी कोण असेल ती न्यायला येते. नर्सला कुणी विचारतं, हेच मला केवढं नवीन!

९ नोव्हेंबर
मुली महाबिलंदर आहेत. गोळ्या गिळत नाहीत. एक तर गालात साठवते, म्हणून तिचं नाव मी खारूताई ठेवलंय. माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. पळताना काच घुसून टाच फाटली आहे आणि जखम भरत आली की ही नखांनी उकरते. पण मीही काही कमी नाही. जीभ वर करायला लावून तोंड तपासते, आणि बोटांना पट्ट्याच बांधून टाकल्या. काल म्हणाली, की ताई, तुम्ही फार वाईट आहात. मला हसूच आलं. भाचीही इंजेक्शननंतर हेच म्हणते.

१८ नोव्हेंबर
आज माझ्या हातची पहिली मुलगी घरी गेली! ती उंच, दंड भाजलेली. कातडी इतकी सुरेख आली की डॉक्टरांनी शाबासकी दिली. मावशी न्यायला आली होती, जाडजूड आणि हसरी. मुलगी काही केल्या खाटेचा दांडा सोडेना. समजूत घालत घालत मीच तिचं एकेक बोट सोडवलं. बाकीच्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. निरोपाला तरी उठावं की नाही!

२५ नोव्हेंबर
दुसरी गेली. न्यायला तीच मावशी. मोठ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, मोठा गोतावळा आहे, लांबचं नातं. असेल बाई. पण आज जेवण गेलं नाही.

३ डिसेंबर
उंच मुलगी परत आली. मी दंडावरून ओळखली. तोंड ओळखण्यासारखं राहिलेलं नाही. मावशीनेच आणून टाकली, बिघडलेला पंखा दुरुस्तीला टाकावा तशी. मोठ्या बाई म्हणाल्या, नीट कर, जरा घाई आहे. पट्टी बांधताना मुलीने सगळं सांगितलं. घर कुठलं आणि मावशी कुठली. आजारी पोरीला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून इथे आणतात. तुम्ही बरं करता, ते घेऊन जातात. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. देवा, तिची बोटं मी सोडवली होती.

५ डिसेंबर
बाजाराचं निमित्त काढून पोलीस चौकीत गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, फोन लावला. गाडी आली. आत मोठ्या बाई. आता माझा मोबाइल त्यांच्याकडे आणि फाटकाला कुलूप. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या हाताला गुण आहे, तू गेलीस तर आमचं कसं व्हायचं?

७ डिसेंबर
खारूताईची टाच भरली. मीच भरली, मेलीने! सोमवारी डॉक्टर स्वतः बघणार. माझ्या शब्दावर आता भरवसा नाही. तिने मुकाट्याने पाय माझ्या मांडीवर ठेवला. काय करायचं ते दोघींना ठाऊक होतं. तिच्या तोंडात टॉवेल दिला. मी, नर्स, स्वतःच्या हाताने भरलेली जखम पुन्हा —

९ डिसेंबर
डॉक्टरांनी नाक मुरडलं. आणखी थांबू म्हणाले. ते गेल्यावर आम्ही दोघी हसलो. वेड्यासारख्या हसत सुटलो.

१२ डिसेंबर
ताप. टाचेपासून पोटरीपर्यंत लाल रेघ चढली आहे. कपाटाची किल्ली मोठ्या बाईंनी काढून घेतली. मागायला गेले. म्हणाल्या, देते की, पण मग बरी करायची, पुन्हा असले चाळे नकोत. खारूताई म्हणते, नको आणूस, मरू दे मला. मी काय —

१३ डिसेंबर
इंजेक्शन दिलं. दिलं मी. नाही बघवलं.

१८ डिसेंबर
ताप उतरला. भूक लागली म्हणाली. जीव एवढा गोड असतो आणि मला त्याचीच भीती —

२१ डिसेंबर
जखम भरतेय. रोज थोडी. थांबवता येत नाही. मोठ्या बाई येऊन बघून जातात. तिच्यासाठी नवा ड्रेस आणलाय.

२३ डिसेंबर
सोमवार. गाडी फाटकात. मावशीचं हसू इथवर ऐकू येतंय. डॉक्टर शेजारच्या खोलीत.
खारूताईने पाय पुढे केलाय. सांगितलं तिला — तुझ्या अंगात आता काही उरलं नाही, पुन्हा केलं तर वाचणार नाहीस. म्हणाली, कळतंय.
कात्री माझ्या हातात. दार —
म्हणते, ताई, लवकर, ल