मार्चात चढणारं पाणी

३ फेब्रुवारी
नववा दिवस. वजनकाट्यावर एकही टिपर नाही. निर्यातीवर ड्युटी वाढली ही बातमी आली तेव्हा आम्ही हसलो होतो, की कर लागला जहाजाला, डिचोलीच्या खाणीचं काय जातं. साहेब हसला नव्हता. आपलं खनिज हलक्या प्रतीचं, एवढा कर भरून बाहेरचं गिऱ्हाईक घेणार नाही, आणि देशात त्याला कोणी विचारत नाही, असं म्हणाला होता. तसंच झालं. माल जेटीवर पडून.
सगळ्यांना घरी पाठवलं. वजनकाट्यासाठी मला ठेवलंय, खाणीच्या पिटातलं पाणी उपसणाऱ्या पंपांसाठी गुणोभाऊंना. नवऱ्याचा टिपर दारात उभा. सु.ने आज तो दोनदा धुतला.

११ फेब्रु.
दुपारी पंप बंद. गुणोभाऊंनीच बटण दाबलं. "माल जाणा नाय, तर पाणी कित्याक उपसूचा?" दोडामार्गचा माणूस, पंधरा वर्षं त्याच पंपांशेजारी काढली.
पंप थांबल्यावर कळलं की इतकी वर्षं घराची जमीन थरथरत होती. घरी आले तर माई दारात उभ्या. मला बघून म्हणाल्या, "कोण गेलो गो?"
कोणी नाही म्हटलं. सासूबाईंना पटलं नाही.

२० फेब्रु.
काटा रिकामा, तर आकडा शून्य हवा. सकाळी ६० किलो. झाडून काढला, चारी बाजूंनी पाहिलं. शून्यावर आणला. जेवून आले, परत ६०. एका माणसाएवढं.
गुणोभाऊंना हाक मारली. ते प्लॅटफॉर्मवर चढले नाहीत. उतरेल आपोआप, असं लांबूनच म्हणाले. पाचच्या सुमाराला उतरला.
सु.ला सांगितलं नाही.

२१ फेब्रु.
काट्याखालचं झाकण उघडलं. आत घोट्याएवढं पाणी. नितळ, गार. वायरी भिजल्या असणार, म्हणून आकडा हलतो. कारण सापडलं, बरं वाटायला हवं.
पण चार महिने पाऊस नाही. हे आलं कुठून?

२ मार्च
गुणोभाऊंबरोबर पिटाच्या कडेपर्यंत गेले. पंप नाहीत म्हणून जमिनीतलं पाणी परत येतंय, ते म्हणाले. खाली उतरणारा रस्ता पाण्याशी संपत नाही, आत तसाच जात राहतो. वळणावरची पाटी बुडालीय पण वाचता येते. सावकाश.
ते रोज कडेच्या खडकावर चुन्याची रेघ मारतात. कालची रेघ आज पाण्याखाली. एवढं पाणी, पण काठाला एक पक्षी नाही.

९ मार्च
सु. रोज सातला टिपरमध्ये जाऊन बसतो. दार लावून घेतो. इंजिन चालू करत नाही. कर्नाटकात काम बघ म्हटलं तर काच वर केली. आज डबा मागितला. खिडकीतून दिला.
"दुपारपर्यंत येतो," म्हणाला.
अंगणातून अंगणात.

१४ मार्च
आमची विहीर माझ्या लग्नाआधीपासून कोरडी. खाण खोल गेली तशी ती आटली. वाडीला टँकर. विहिरीत सगळ्यांनी कचरा टाकलेला.
दुपारी माईंनी हात धरून नेलं. "आयक. बांयंत कोण तरी उलयता."
खरंच. विहिरीत कोणी बोलत असल्यासारखं, पुटपुटल्यासारखं. बॅटरी मारली तर तळ हलत होता. बाटल्या, चपला, माझ्या लेकीची हरवलेली बाहुली, सगळं हळूहळू वर येत होतं. ती पुण्याला शिकायला गेली त्यालाही तीन वर्षं झाली.
सगळ्या विहिरी मार्चात उतरतात.

२२ मार्च
वाडीतल्या बायकांनी चार दिवस खपून विहीर साफ केली. पहिली कळशी माईंनी ओढली. ओंजळीने प्यायल्या, मग कितीतरी वेळ ओला हात तसाच धरून बसल्या. आज टँकरपाशी कोणी गेलं नाही.
सु. केबिनमधून उतरला नाही.

६ एप्रिल
ड्युटी उठली. साहेबाचा सकाळीच फोन. सु.ने केबिनचं दार उघडं टाकलं, आत धावत आला. "ऐकलंस?"
ऐकलं म्हटलं. चुलीपाशी माईंनीही ऐकलं. त्या उठून विहिरीवर गेल्या.
गुणोभाऊंनी बटणावर बोट ठेवलं, पण दाबेनात. काय झालं विचारलं.
"ह्या पाणी आता माका वळखता," म्हणाले. मग दाबलं.

९ एप्रिल
तीन दिवस पंप चालू. चुन्याची एकही रेघ वर आली नाही. साहेबाने आणखी दोन पंप मागवले. घराची जमीन परत थरथरते. भांडी आपोआप एकमेकांना लागतात.
माई म्हणाल्या, "तूं काट्यार आसा न्हू? सांग तांकां, बंद करात म्हूण."
मी फक्त वजन घेते, असं म्हटलं.  सु.चा चेहरा आठवला, खिडकीतून डबा घेतानाचा. दोघांपैकी कोणाच्या मनासारखं व्हावं असं मला वाटतं, इथेसुद्धा लिहवत नाही.

१३ एप्रिल
कालपासून नवे दोन पंपही चालू. वरच्या ढिगातून चार टिपर भरून गेले. पहिला सु.चा. संध्याकाळी धुळीने डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन आला, हातात सुंगटांची, कोळंबीची पिशवी. किती दिवसांनी शीळ घालत होता. विहिरीवरच आंघोळीला बसला. माई पाणी ओढून देत होत्या.
तिसरी बादली अर्धीच आली. चौथीला दोर पुरेना. माईंनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि दोराला गाठ मारली. दुसरं टोक मी धरलं.
सु. तोंडाला साबण लावून, डोळे मिटून बसलेला. "पाणी?" म्हणाला.
"हाडटां," माई म्हणाल्या, आणते म्हणून.
बादली खाली जात होती. आम्ही दोघी कान देऊन उभ्या. आवाज अजून आला नव्हता.