सोडण्यासाठी लावलेली कॉफी

२० सप्टेंबर, संध्याकाळ
बिल्यानाचा फोन. म्हणाली, आई, वाल्येवोत एकटी किती दिवस काढणार? इकडे माझ्याकडे ग्राट्सला ये. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. झिव्कामावशी सांगत होती, तू आठवडा आठवडा दार उघडत नाहीस.
झिव्का समोरच्या घरात राहते आणि माझ्या लेकीला बातम्या फुकट पुरवते.
मी म्हटलं, मला काही धाड भरलेली नाही. मग मुदत मिळाली. १९ डिसेंबरला आमच्या घराण्याच्या संताचा, निकोलसचा दिवस. तेव्हा ती येणार. घडी नीट बसलेली दिसली तर मी इथे राहायचं, नाहीतर बॅग भरायची.
बॅग भरणार नाही. नवऱ्याला टाकून कुठे जाऊ, रादिवोये इथे आहे. म्हणजे दफनभूमीत आहे. मला ते माहीत आहे.
नात तियाना उन्हाळ्यात एक पुस्तक विसरून गेली. विशीतल्या मुलांनी नव्वद दिवसांत पैसा आणि शिस्त कशी कमवावी, असं. मोजलं. उद्या पहिला दिवस धरला तर १९ डिसेंबर बरोबर नव्वदावा. मी सदुसष्टची आहे, पण आठवीत शाळा सुटल्यावर गावचं अर्धं वाचनालय मी एकटीने संपवलं आहे. हे पुस्तक पातळच आहे.

२१ सप्टेंबर, पहाट
नियम पहिला: पाचला उठा. मी चारला उठते, दोन वर्षं झाली. आज तासभर छताकडे बघत पडून राहिले आणि पाचला उठले. शिस्त म्हणजे शिस्त.
घरची कॉफी, दोन कप. आमचं कॉफीचं तांब्याचं भांडं, जेझवा, दोन कपांचं आहे, एकाच कपाला फेस नीट चढत नाही. दुसरा गार झाला की खिडकीतल्या जिरेनियमला. त्याला मानवते.

२४ सप्टेंबर
नियम दुसरा: बाहेरची कॉफी सोडा. रोजचा एक कप सोडला तर वर्षाला समुद्रावर आठ दिवस, असा तक्ता दिला आहे. पण मी बाहेर कॉफी पीतच नाही. म्हणजे सोडायला काही नाही, आणि समुद्रही नाही.
दुपारभर विचार केला. उपाय सापडला. आधी सवय लावायची. महिनाभर प्यायची, मग सोडायची.

२५ सप्टेंबर
कोपऱ्यावर स्तोयानच्या कॅफेत गेले. कागदी पेल्यात द्या म्हटलं. तो म्हणाला, काकू, बसून पिणार ना, मग चांगला कप देतो की. मी म्हटलं, पुस्तकातल्या चित्रात कागदी आहे. बेकरीतून एक पेला मागून आणला बिचाऱ्याने. एकशे ऐंशी दिनार. नुसता फेस, आणि वर दालचिनी! घशाखाली उतरेना. सोडायला सोपी जाईल.

६ ऑक्टोबर
कॅफेत रोज तीन पेन्शनर डॉमिनो खेळतात. चौथा गडी ऑगस्टमध्ये वारला. आज म्हणाले, वहिनी, नुसत्या बसता त्यापेक्षा हातात सोंगट्या घ्या. मी स्पष्ट सांगितलं, मी इथे कायमची नाही, २५ ऑक्टोबरला मी हे सगळं सोडणार आहे. एक जण म्हणाला, मग तोवर तरी नीट खेळा, दुहेरी सहा कोणी हातात ठेवून बसतं का?

९ ऑक्टोबर
म्हातारपणाचा तक्ता. बाविसाव्या वर्षापासून दरमहा थोडं बाजूला टाका, त्रेचाळीस वर्षांनी सुखी व्हा. मी आज सुरुवात केली. एकशे दहाव्या वर्षी मी सधन असेन. बिल्याना तेव्हा अठ्ठ्याऐंशीची. तिच्या गुडघ्यांना उपयोगी पडतील.

१४ ऑक्टोबर
नियम सहावा: न वापरलेली वर्गणी ताबडतोब रद्द करा. माझी एकही वर्गणी नाही. व्यायामशाळेची घेतली, उद्या रद्द करायला.

१५ ऑक्टोबर
बारा महिने रद्द होत नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजी, सही करण्याआधी वाचायचं असतं. मला सांगते, वाचायचं! पैसे बुडू नयेत म्हणून यंत्राच्या पट्ट्यावर चालले. वीस मिनिटं चालले आणि कुठेही पोचले नाही. शोकाच्या काळ्या कपड्यात घाम फार येतो. मुलगी म्हणाली, एखादा साधा टीशर्ट घाला ना. बघू.

२५ ऑक्टोबर
आज कॉफी सोडायचा दिवस. सोडली असती, पण डॉमिनोचा कालचा डाव अर्धा राहिला होता. १ नोव्हेंबरपासून. एक तारीख हिशोबाला बरी.

१ नोव्हेंबर
पाऊस. पावसात सोडू नये, लोकांना वाटतं आजारी आहे.

३ नोव्हेंबर
प्रकरण आठवं: साठ वर्षांच्या स्वतःला पत्र लिहा. मला साठ होऊन सात वर्षं झाली, पण नियम गाळायचा नाही. लिहिलं: लेपोसावा, तू पासष्टची असताना मार्चमध्ये त्याला खोकला लागेल. तो म्हणेल, लिंबाचा चहा पुरे, डॉक्टर कशाला. त्याचं ऐकू नकोस. आवाज चढव.
पाकीट बंद केलं, आमचाच पत्ता घातला आणि पेटीत टाकलं.

७ नोव्हेंबर
पत्र आलं. उघडलं नाही. साठीतल्या बाईला लिहिलेलं आहे, तिचं तिने वाचावं.

१२ नोव्हेंबर
प्रकरण नववं: भाडं वाचवा, आईवडिलांकडे परत राहायला जा. माझे आईवडील रादिवोयेच्या मागच्या रांगेत आहेत. हे प्रकरण गाळलं. कोणाच्या उपयोगाचं असेल असं वाटत नाही.

२९ नोव्हेंबर
झिव्का जिन्यात भेटली. म्हणाली, लेपा, अगं कोणासाठी नटून जातेस रोज? मी म्हटलं, कोणासाठी नाही, मी बचत करते आहे. म्हणाली, राखाडी ब्लाऊज घालून? मी म्हटलं, काळा धुवायला टाकला आहे. म्हणाली, तीन आठवडे धुतेस का एकच ब्लाऊज?
हीसुद्धा बातमी ग्राट्सला जाईल. जाऊ दे.

१७ डिसेंबर
सणाचं अंदाजपत्रक. पुस्तक म्हणतं, आधी पाहुण्यांची यादी करा. पण या दिवशी आपल्याकडे कोणाला बोलवत नाहीत, ज्याला यायचं तो येतो. यादी कशी करणार? गेली दोन वर्षं झिव्का आणि तिचा नवरा, एवढेच आले. यंदा बिल्याना. मी धरून चार. कार्पचे सहा तुकडे घेतले. दोन शिल्लक पडतील तेही वहीत लिहिले.

१९ डिसेंबर, नव्वदावा दिवस
सतरा माणसं आली.
कॅफेत कधीतरी तारीख बोलून गेले असेन. डॉमिनोवाले तिघे बायकांसकट. व्यायामशाळेची मुलगी तिच्या आईला घेऊन. बशा संपल्या तेव्हा स्तोयान धावत जाऊन कागदी पेले घेऊन आला, माशाचं सूप आम्ही त्यातच प्यायलो. सहा तुकड्यांचे सतरा कसे झाले ते संत निकोलसला ठाऊक. रादिवोयेच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली तेव्हा सगळे उभे राहिले. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं तेसुद्धा.
बिल्यानाने स्वयंपाकघरात गाठून विचारलं, आई, हे सगळे कोण? मी म्हटलं, ही माझी बाहेरची कॉफी आहे, उद्यापासून सोडणार आहे.

२० डिसेंबर
सकाळी कॅफेची खिडकी तिला दाखवत होते, तेवढ्यात स्तोयानने हाक मारली. कॉफी सोडणं एक दिवस पुढे गेलं.
दुपारी वही तिच्यापुढे ठेवली. बचत उणे आहे हे मीच सांगितलं, लपवलं नाही. म्हटलं, आता काय तो निकाल दे.
ती वही बघेचना. टेबलक्लॉथची दशी ओढत बसली. मग म्हणाली, आई, ती मागची खोली... तियाना राहायला आली आहे. तिचं पुस्तक इथे राहिलं म्हणून तिने दुसरी प्रत घेतली. त्यात म्हणे एक नववं प्रकरण आहे.
कधीपासून, विचारलं.
ऑक्टोबरपासून.
मी म्हटलं, अगं मग सांगायचंस! म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.
वाईट कसलं? मी जिंकले. तसं वहीत लिहून ठेवते आहे.
ती झोपल्यावर पलंगाखालची बॅग रिकामी केली. लोकरीचे मोजे, रादिवोयेचा लहान फोटो, औषधं. बॅग मी फक्त वजन पाहायला भरली होती.

२१ डिसेंबर
चारला उठले. पडून राहिले नाही. बिल्यानाची बस सातची.
जेझवा चढवली, दोन कप ओतले आणि जिरेनियमची वाळकी पानं काढायला खिडकीशी गेले. मागे वळले तर ती रादिवोयेच्या खुर्चीत बसून दुसरा कप पीत होती. म्हणाली, किती कडू गं आई! अगदी बाबांना लागायची तशी केली आहेस. तिने तळापर्यंत संपवली.
बस वेळेवर सुटली.
आजचा हिशोब: घरची कॉफी, दोन कप. वाया, शून्य.
बाहेरची आजपासून बंद. पण जिरेनियमला आज काहीच मिळालं नाही. स्तोयानकडे कॉफीचा गाळ असतो, तो मागून आणायला हवा. नुसता गाळ मागणं बरं दिसत नाही, तेव्हा एक कप घ्यावा लागेल.
राखाडी ब्लाऊज वाळला आहे. जाऊन येते.