एका वेळी एकच गोष्ट

४ जानेवारी, रविवार
कृतिका आली. दर रविवारी सांडोरहून तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे एकनाथराव, स्कूटरवर आणून सोडतात. स्वतः वर येत नाहीत. बायको, विनिता, दिवाळीपासून माहेरी आहे. तात्पुरती.
पोरगी नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग हवाय: रासायनिक क्रियेचा वेग कशाने बदलतो? म्हटलं, योग्य माणसाकडे आलीस. बीएस्सी केमिस्ट्री! (एक विषय राहिलाय, पण तो नंतर सोडवता येतो.) ॲसिडिटीची फसफसणारी गोळी घ्यायची आणि ती गार, साध्या, गरम पाण्यात टाकून बघायची. नियम समजावला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तस्संच. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

५ जानेवारी, सोमवार
हाच नियम संसाराला लावायचा. विनिताच्या तक्रारी तीन: दारू, आरडाओरडा, नोकरी न टिकणं. तिन्ही एकदम सुधारल्या तर ती कशामुळे परत आली हे कधीच कळणार नाही. अशास्त्रीय होईल. म्हणून आधी ओरडणं बंद. घेणं सध्या तसंच.

८ जानेवारी, गुरुवार
ओरडणं कडकडीत बंद. घरात कुणी नसल्याने सोपं जातंय.
फोन करून विनिताला प्रगती सांगितली. ती म्हणाली, "पोरगी येते त्या दिवशी तरी घेऊ नकोस. एवढंच कर." एवढंच! म्हणजे एका वेळी एकच गोष्ट हे तिलाही पटलंय.

११ जानेवारी, रविवार
सकाळी जरासं घेतलं, हात स्थिर राहावा म्हणून. गोळी गरम पाण्यात गारपेक्षा हळू विरघळली. जगात प्रथमच. कृतिका म्हणाली, "बाबा, तू गारमध्ये चुरा टाकलास आणि गरममध्ये अख्खी गोळी. दोन गोष्टी बदलल्यास. मोबाइलचं स्टॉपवॉचही उशिरा लावलंस." मी ओरडलो नाही. आवाज चढला होता फक्त.
तिने गुपचूप सगळं पुन्हा केलं. अख्ख्या गोळ्या, सारखे ग्लास, सारखं पाणी. गरममधली आधी संपली. मघाशी आमच्या आचोळ्याच्या टँकरच्या पाण्याने घोळ केला असणार.

१८ जानेवारी, रविवार
तिचा प्रयोग फारच साधा. प्रदर्शनात उठून दिसायला जोर हवा. मी काचेच्या बाटलीत कढत पाणी घेतलं, मूठभर गोळ्यांचा चुरा टाकला आणि झाकण घट्ट लावलं. कृतिका म्हणाली, "झाकण नको बाबा, गॅस जाणार कुठून?" म्हटलं, बीएस्सी कोण, तू का मी? ती झाकण काढायला पुढे झाली.
बाटली फुटली. काच तिच्या उजव्या मनगटात गेली.
शेजारची ॲनिशा धावत आली. टॉवेल गुंडाळून कृतिकाला रिक्षाने दवाखान्यात घेऊन निघाली. मीही चप्पल घालायला लागलो. ॲनिशा म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुम्हाला धड उभं राहता येत नाहीये."
काचा गोळा केल्या. बाटलीच हलक्या दर्जाची होती.

२० जानेवारी, मंगळवार
टाके पडलेत. बोटं हलतात, असं ॲनिशाकडून कळलं. विनिता माझा फोन घेत नाही.
आजपासून दारू बंद. कायमची.
संध्याकाळी हात इतका थरथरला की कपातला चहा अंगावर सांडला. अचानक बंद करणं शरीराला धोक्याचं असतं. म्हणून थोडी घेतली.

२४ जानेवारी, शनिवार
प्रदर्शनाला गेलो. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. निघताना किंचित, धीर यावा म्हणून.
कृतिका टेबलामागे उभी होती. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हाताने ग्लासांत पाणी ओतत होती. परीक्षक बाईंनी विचारलं, "हाताला काय झालं गं?"
"बाटली फुटली, मॅडम. चूक माझी होती. मी झाकण लावलं होतं."
मी सांगायला पुढे झालो. काय सांगणार होतो, ते आठवत नाही. ती वाकून अगदी हळू म्हणाली, "बाबा, वास येतोय. थोडा लांब उभा राहशील?"
लांब म्हणजे किती ते कळेना. मागे सरकत सरकत गेटापर्यंत आलो. विनिता समोरून आत गेली. तिने पाहिलं की नाही, माहीत नाही.
थोड्या वेळाने एकनाथराव बाहेर आले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "सिद्धेशराव, रिक्षा करून देऊ?"
मी हो म्हणालो.