मागाला लावलेली बॅट

आप्पा, यंदा तुमच्या तिथीला मी येणार नाही. भावाला, अण्णाला, फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पोरीकडं अमेरिकेला जा की गं, न्हाय कोण म्हणतंय? पन आप्पांची तिथी झाल्यावर जा." मी म्हटलं, "तिथीदिवशीच सामना हाय रं. बेसबॉलचा. मोसमातला पयला." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. थट्टा कसली? लेक म्हणत होती, मे महिन्यात ये, हवा चांगली असते. मीच हट्ट धरला की मला पहिलाच सामना बघायचाय. मग पंचांग उघडलं, तर तुमची तिथी नेमकी त्याच शनिवारी. मला आनंद झाला, आप्पा. लपवून काय करू?

सामना ज्या मोठ्या शहरात आहे तिथून लेक चार तासांवर राहते. शुक्रवारी संध्याकाळी गाडीनं निघायचं, मैदानाजवळच्या हॉटेलात उतरायचं, शनिवारी सकाळी नदीतून बोटीची फेरी, दुपारी सामना, असं तिनं आखलं आहे. रविवारी सकाळी तिनं तिथलं देऊळ घातलं होतं, आईला बरं वाटेल म्हणून. ते मी काढायला लावलं. म्हटलं, त्यापेक्षा बॅटी मिळतात अशा दुकानात ने. मला एक लाकडाची बॅट घ्यायची आहे, अख्खी. "आई, तू बॅट घेऊन काय करणार?" असं ती विचारत होती. मी म्हटलं, दिवाणखान्यात टांगणार, तुझ्या आजोबांच्या फोटोच्या शेजारी.

तिला काही माहीत नाही. बेसबॉल म्हणजे आमच्या सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ, एवढंच मी तिला सांगितलं आहे. बाकीचं तुम्हाला माहीत आहे, आणि अण्णा सोयीनं विसरला आहे.

माझी सॉफ्टबॉलची बॅट मला शाळेतल्या खेळाच्या बाईंनी दिली होती. शाळेची नव्हे, त्यांची स्वतःची. मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. वडगावच्या आपल्या घरात मी ती पलंगाखाली ठेवायचे आणि आई बघूनही न बघितल्यासारखं करायची. मग निपाणीला आमचा सामना झाला. त्या दिवशी मी मारलेला चेंडू मैदानाबाहेर रस्त्यावर गेला होता आणि पोरी मला उचलून नाचल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तुम्ही आपल्या मागावरच्या साड्या पोचवायला निपाणीला गेलात, तर तुमचा व्यापारी म्हणाला, तुमची पोरगी अर्ध्या चड्डीत बघितली की हो मैदानावर. जिंकली का, हे तुम्ही त्याला विचारलंत का? मला तरी विचारलं नाहीत.

घरी आलात ते सरळ जेवायला बसलात. ओरडला नाहीत, हात उगारला नाहीत. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सुतार ओट्यावर बसून माझ्या बॅटीला रंधा मारत होता. मागावर धोट्याला फटका देणारा लाकडी दांडका मोडला होता म्हणे. वडगावात घरोघरी माग, असे दांडके हवे तेवढे मिळत होते, आप्पा. सुतार म्हणाला, "लाकूड लई चांगलं हाय." तुम्ही म्हणालात, "व्हय, बाईंनी दिलंय." दोन्ही बाजूंनी तासून, कापून त्यानं तो दांडका बसवला, तुम्ही बटण दाबलंत आणि माग सुरू झाला. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "फटकं मारायची हौस हाय न्हवं? ऐक आता दिवसभर."

धारवाडला मोठ्या संघासाठी निवड होती त्या दिवशी बाई मला न्यायला घरी आल्या. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा दिलात, आणि गोड आवाजात म्हणालात, "ताप आलाय हिला. न्हाय जमायचं." मी स्वयंपाकघराच्या दारात धडधाकट उभी आहे. बाई माझ्याकडे बघताहेत, मग मागाकडे. दांडक्याच्या टोकाला लाल पट्टी अजून तशीच आहे, मागेपुढे हलते आहे. बाईंनी कप खाली ठेवला आणि निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी मैदानावर बोलावलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मी तेव्हाच ठरवलं होतं की याची परतफेड करायची. पण लग्न झालं, लेक झाली, अनगोळातला संसार, आणि मध्येच तुम्ही गेलात. भांडायला माणूस जागेवर तर हवा ना!

म्हणून हा बेत. तुम्ही पानावर यायचं आणि मी तिकडे मैदानात पाव आणि तो त्यांचा सॉसेज खात आरडाओरडा करायचा, तोही अर्ध्या चड्डीतल्या लोकांबरोबर. तेवढ्यात लेकीनं वेळेचा हिशेब सांगितला. तिथला सामना सुरू होईल तेव्हा इथं तुमची तिथी उरकून, तुम्ही जेवून कधीच मोकळे झालेले असणार. बघा, मेल्यावरसुद्धा तुम्हीच आधी डाव साधता.

तरी मी जाणार. लेक मला फोनवर सामने पाठवते. चेंडूला बॅट लागल्याचा तो खणखणीत आवाज आला की मला अजूनही आधी तुमचा माग आठवतो, निपाणीचा चेंडू नंतर. माझ्या हक्काचा आवाज तुम्ही मागाला जुंपलात. तो परत आणायला मी सांबऱ्याच्या विमानतळावरून विमानात बसणार आहे, या वयात, गुडघे दुखत असताना.

आणि तुम्ही माझ्या लग्नासाठी विणलेली साडी मी तिथं नेसणार आहे. लग्नानंतर तिला अंगाला लावलं नव्हतं. पण तुम्ही ती विणलीत त्याच मागावर, म्हणजे तिच्यातला एकेक आडवा धागा माझ्या बॅटीनं मारलेला आहे. ती साडी तुमची कशी? थंडी असते म्हणे, लेक कोट घालायला सांगते. कोटाची बटणं मी उघडी ठेवीन.

अण्णा म्हणाला, काय सांगायचं असलं तर चार ओळी लिहून दे, आप्पांच्या पानाजवळ ठेवतो. मी नाही देणार. तुम्हाला एवढंही मिळू नये असं मला वाटतं. हे कागद माझ्या कपाटातच राहतील.

फक्त एक. बॅग भरताना ती साडी मी खिडकीत उजेडावर धरली होती, तुमची चूक शोधायला. कुठे धागा सुटलाय का, कुठे काठ वाकडा गेलाय का, लेकीला दाखवायला काहीतरी हवं होतं. पदरापासून शेवटच्या टोकापर्यंत दोनदा बघितली, आप्पा. एकही चूक सापडली नाही.