खाली एकतीस, वर एकोणतीस

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी सहा पन्नास. वेळ नक्की आहे. जाळ घालण्याआधी मी घड्याळ बघते, पस्तीस वर्षं पोस्टात काढल्यावर ही खोड जात नाही.

नव्या कपाटाच्या खोक्यातून निघालेल्या, मागच्या खोलीत दाराआड ठेवलेल्या लाकडी पट्ट्या आणून न्हाणीतल्या चुलीत घालत होते. पाचवी जरा जाड लागली हाताला. अर्धी आत गेल्यावर उजेडात खाचा दिसल्या. पेन्सिलीच्या रेघा. सोमा सुताराची मापाची काठी.

ओढून काढता आली असती. दुसरं टोक माझ्या हातात होतं. वीतभरच करपली होती.

मी ती आत ढकलली.

लाज वाटली म्हणावं, तर घरात मी एकटी. लाज कोणाची? काल याच काठीवरून त्याला हिणवलं होतं. "सोमा, लोक चंद्रावर गेले, तू अजून काठीवर." तो हसला होता. तेवढं कारण पुरेल?

आंघोळीचं पाणी चांगलं तापलं.

स. ८.१०. सोमाचा फोन, कुंभारवाड्याहून. कापायच्या फळ्या तो काल संध्याकाळच्या बसच्या टपावर घालून घरी घेऊन गेलाय.

"अक्का, माझी काठी तितं ऱ्हायली बघा. मागच्या खोलीत, दाराआड. दुपारच्या बसच्या कंडक्टरजवळ द्या, तो देतोय मला."

"इथं नाही काठीबिठी."

"आसंल ओ. तीन खाचा हायत तिला, खालची, मदली, वरची."

"नाही म्हणते ना! वाटेत पाडली असशील. मी टेपनं मोजून सांगते, सुनेला लिहून घ्यायला लाव."

मग म्हणाला, "वरचं बी मोजा, अक्का. भित आत आलीया तुमची."

मला शिकवतो.

टेप जमिनीवर ठेवला की हलत नाही, म्हणून खाली मोजलं. एकतीस इंच. वर मोजायचं तर स्टुलावर चढायला हवं. गुडघा. सांगितलं, खाली एकतीस, वर एकतीस.

बुधवार, ५ नोव्हें.

कपाट मागवलं नसतं तर हे काही झालं नसतं. म्हणजे दोष कंपनीचा. असं लिहून बघितलं. पटत नाही.

पण कंपनीलाही सोडणार नाही. चार स्क्रू कमी. सूचनांच्या कागदावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं, आणि चित्रातला माणूस प्रत्येक पायरीला हसतोय. त्याच्या घराला काटकोन असणार. माझ्या मागच्या खोलीत खांब आणि भिंत यांच्यामधली ती एकच कोरडी जागा. बाकी सगळीकडे पावसाळ्यात कौलांतून ओल, ट्रंकेतल्या साड्यांवर पांढरी बुरशी. कपाट छत्तीस इंच रुंद, ते तिथं मावणार नाही हे मागवतानाच माहीत होतं. म्हटलं, सोमा कापून बसवील. त्यानं पहिल्यांदा फळी नखानं खरवडली होती.

"अक्का, हे लाकूड न्हवं. भुसा दाबलाय. एकदाच कापायचं, दुसऱ्यांदा करवत लावली की कड सुटतीया. म्हनून माप चोख पायजे."

म्हणून माप चोख पाहिजे.

शुक्र. ७ नोव्हें.

सोमा सकाळच्या बसनं फळ्या घेऊन आला. खालची फळी अशी गेली की मी टाळीच वाजवली. मधली घासत गेली. वरची अडकली.

त्यानं भिंतीवरून तळहात फिरवला, खालून वर. पुन्हा करवत लावली. कड शिळ्या भाकरीसारखी सुटली. स्क्रू नुसताच फिरत राहिला. शेवटी वरची फळी तिरकी ठोकली, खाली पाचर दिली. एक दार लागतं. दुसरं आपोआप उघडतं.

"आकडं तुमी सांगितल्यालं, तसंच कापलंया."

"म्हणजे चूक माझी?"

"न्हाई म्हटलं, अक्का."

चहा अर्धा ठेवून गेला. दारापर्यंत जाऊन परत आला, मागच्या खोलीच्या दाराआड एकदा वाकून बघितलं. मी कपबशी उचलायला आत गेले.

सोम. १० नोव्हें.

हे लिहायचं नव्हतं.

गिरणीत तांदळाचा डबा घेऊन उभी. पुढं सात-आठ बायका, त्यांत बालवाडीची रेखा. माझ्या मागं धाकटी जाऊ शालन, शेजारच्याच घरात राहते, तिला दिसलेलं सगळं सगळ्यांना दिसलं पाहिजे.

"वैनी, नव्या कपाटाचं दार उघडंच असतं की ओ. हवा खातंय काय?"

बायका हसल्या. कॉन्व्हेंटात शिकलेली बाई, पोस्टातली बाई, अन् कपाट वाकडं.

गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी ओरडून म्हणाले, "सोमाचा हात थरथरतो आता! फळी सरळ कापता येत नाही त्याला!"

नेमकी 'थरथरतो'ला गिरणी थांबली.

शालन म्हणाली, "अय्या, व्हय?"

मी म्हणाले, "व्हय."

शुक्र. १४ नोव्हें.

दुपारी शालन आली, बातमी द्यायला. बालवाडीत पोरांची ताटं-वाट्या ठेवायला भिंतभर मांडणी करायची होती. रेखानं सोमाला शब्द दिला होता. सुगी संपली की सुरू कर म्हणून. आता खानापूरहून मशीनवाला सुतार बोलावलाय.

"बरं झालं तुम्ही वेळेवर सांगितलासा, वैनी. पोरांच्या डोक्यावर पडली असती म्हणजे?"

आणि गावातल्या देसाईंनी दाराच्या चौकटीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. आणि कोणीतरी म्हणालं की त्याचा बापही शेवटी असाच... त्याच्या बापाबद्दल मी काहीही बोलले नव्हते. लोकांनी आपणहून घातलं.

जेवण गेलं नाही. राग कोणाचा यावा हे ठरेना, म्हणून शालनला म्हटलं, काल तू आणून दिलेली भाजी खारट होती. बिचारी. खरं तर चांगली होती.

रवि. १६ नोव्हें.

स्टुलावर चढले. एका हातानं खांब धरला.

वर एकोणतीस.

दोन इंच. माझ्या दोन बोटांएवढे. हे त्यानं फोनवर सांगितलं होतं. तिसरी खाच याचसाठी होती.

शाळेत ख्रिस्ती मुली शनिवारी रांगेनं चॅपलमध्ये जायच्या, जाळीपलीकडच्या पाद्रीजवळ आपली पापं कबूल करायच्या, आणि बाहेर येऊन लंगडी खेळायच्या. आम्हां हिंदू मुलींना ती सोय नव्हती. सिस्टर म्हणायची, तुम्ही आपापल्या घरी सांगा. मी घरी कधीच काही सांगितलं नाही. रोजनिशी लिहायला लागले. रोजनिशी काही माफ करत नाही, नुसती ठेवून घेते.

मंगळ. १८ नोव्हें.

सोमाला फोन. सुनेनं उचलला. मामा शेतावर आहेत. काय निरोप? म्हटलं, काही नाही, सहज.

सहज!

शुक्र. २१ नोव्हें.

कुंभारवाड्याला जाऊन आले. बसमधून उतरून पुढं मैलभर चाल. भात कापून झालेलं, खळ्यावर मळणी. सोमा पेंढ्या बांधत होता. मी मुद्दाम हाताकडे बघितलं. सुंभाची गाठ अशी मारत होता की मला डोळ्यांनी धरता येईना.

"अक्का! हितं? फोन करायचा न्हाई व्हय?"

सुनेनं पाणी आणलं. मी म्हटलं, उभ्यानंच बोलते. आणि बोलले. काठी मी जाळली. चुकून घातली, पण बघून ढकलली. वर मोजलंच नाही. गिरणीत तसं बोलले. एका दमात. तोंडपाठ केलं होतं.

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर मीही दोन शब्द बोलले असते, मला जमतं ते. त्यानं गाठ पुरी केली.

"काठीचं काय येवढं, अक्का. बेटातनं बांबू तोडला की दुसरी व्हतीया. हात थरथरतो म्हनालासा, ते कसं दुसरं करू?"

मी म्हटलं, मी लिहून देते. सही करते. रेखाला देते, देसाईंना देते.

"कागद कोन वाचतंय? तोंडानं म्हनालासा न्हवं? मग तोंडानंच सांगा. बायकांच्या फुडं."

"सोमा, अरे, या वयात मी त्या बायकांसमोर..."

"माजं वय काय कमी हाय?"

सून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की मामा, म्हाताऱ्या हायत."

तिनं माझी बाजू घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त लागलं.

निघताना त्यानं ओट्यावरची पालेभाजीची जुडी दिली. नको म्हणता आलं नाही. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले, कोणाचं तरी चोरून आणलेलं पोर असावं तशी.

सोम. २४ नोव्हें.

गिरणी. डबा भरून नेला, घरात पीठ आहे तरी.

सहा बायका होत्या. रेखाही. गिरणी थांबायची वाट बघितली. थांबली. रेखानं माझ्याकडे बघून विचारलं, "बऱ्या आहात ना, बाई?"

मी म्हणाले, "मागच्या वेळी पीठ फार जाडं पडलं होतं."

गिरणीवाल्यानं माफी मागितली. पीठ चांगलं होतं. आता त्याच्याही नावाला मी एक डाग लावून आले.

घरी येऊन कपाटाचं उघडं दार खुर्ची लावून बंद केलं. खुर्ची सरकली.

मंगळ. २५ नोव्हें.

खानापूरचा मशीनवाला सोमवारी, १ तारखेला येणार. शालन म्हणाली. म्हणजे बोलायचं तर त्याआधी. त्याआधी महिला मंडळाची एकच बैठक आहे, रविवारी चार वाजता, बालवाडीतच. रेखा अध्यक्ष.

शालनला सगळं सांगितलं. सरावासाठी. तिच्यासमोर जमलं तर चाळीस जणींसमोर जमेल.

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "वैनी, तुम्ही माझ्या भाजीला खारट म्हणालासा ते पण असंच काय?"

"असंच."

"मग ते पण सांगा बैठकीत."

बुध. २६ नोव्हें.

पुढचं पत्र आज स. ११.३० ला बालवाडीत नेऊन दिलं. रेखाची पोच घेतली, तिनं हसत दिली. नक्कल इथं उतरून ठेवते.

अध्यक्ष, महिला मंडळ, रामनगर, यांस.

सोमवार, १० नोव्हेंबर रोजी गिरणीत मी सोमा सुतार यांच्या हाताबद्दल जे विधान केलं ते खोटं होतं. त्यांचा हात थरथरत नाही. माझ्या कपाटाच्या फळ्या त्यांनी मी दिलेल्या मापानं बरोबर कापल्या. माप चुकीचं होतं, आणि ते चुकीचं का होतं हे मला माहीत होतं.

या पत्रानं माझं काम संपत नाही, आणि तुम्हीही ते संपलं असं समजू नये. हे पत्र बैठकीत वाचून दाखवू नये. सोमा यांची मागणी आहे की मी तोंडानं सांगावं, आणि ती रास्त आहे. तरी रविवार, ३० नोव्हेंबरच्या बैठकीत मला सुरुवातीलाच पाच मिनिटं द्यावीत. शेवटी नकोत, शेवटी बायका स्वयंपाकाला उठतात आणि मीही त्यांच्याबरोबर उठेन.

मी बोलेपर्यंत खानापूरच्या माणसाला शब्द पक्का करू नये. नंतर काम कोणाला द्यायचं ते मंडळानं ठरवावं. त्यात मी पडणार नाही.

वेळ दिली की नाही ते शनिवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. फोन करू नये. शालनजवळ निरोप देऊ नये. रस्त्यात भेटून "या की बाई" म्हणू नये. तोंडी बोलावणं आलं तर ते मला ऐकूच आलं नाही असं मी सांगेन, मी स्वतःला ओळखते. तुमच्या सहीचा कागद हातात असला तर मला यावं लागेल.