एकतीस तारखेची रेषा

३१ ऑगस्ट, गुरुवार.
कोल्ड रूममध्ये लसींची खोकी मोजत होतो. एकशे बारावे हातात होते आणि दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. दाजी ओरडत होते — "मास्तर, मामा झालात! मुलगी!" खोके फळीवर ठेवले आणि धूम पळालो. कानटोपीसकट! प्रसूतिगृह दोन चौकांवर. बाळाची मूठ माझ्या अंगठ्याएवढी. ताई म्हणाली, "टोपी काढ आधी, घाबरेल ती."
हे तिथल्याच बाकावर बसून लिहितो आहे. आज हिशेब नाही, मोजणी नाही. मामा!

१ सप्टेंबर, शुक्रवार.
ऑगस्टचा तापमान अहवाल काढला. नेहमीसारखेच : संगणकात पहिली तारीख १, शेवटची ३१ निवडली. रेषा सरळ. दोन ते आठ अंशांच्या बाहेर एकदाही नाही. सही केली. दीड वर्षात एकदाही खाडाखोड नाही, म्हणून तर दाजी मास्तर म्हणतात — नववीत शाळा सुटलेल्या माणसाला एवढे पुष्कळ.
दाजी आमच्याच डेपोची गाडी चालवतात. सकाळी दाराजवळची छत्तीस खोकी घेऊन गेले. वाटेत बाळाला बघून आले म्हणे. "दहाच मिनिटं हो मास्तर. साहेबांना बोलू नका."

११ सप्टेंबर.
दवाखान्याने छत्तीसच्या छत्तीस खोकी परत पाठवली. लसीच्या बाटलीवर एक बारीक चौकोन असतो, लस तापली की तो काळा पडतो. सगळे काळे. टोचण्याआधी डॉक्टरीणबाईंनी ते बघितले म्हणून बरे. नाहीतर — नाहीतर काय, ते लिहवत नाही.

१२ सप्टेंबर.
साहेबांनी माझा अहवाल टेबलावर पसरला. "खोलीची रेषा सरळ. म्हणजे माल गाडीत तापला. गाडी प्रसूतिगृहासमोर उभी होती, लोकांनी बघितलीय." दाजी खोटे बोलले नाहीत. "दहा मिनिटं थांबलो साहेब. पण लसींच्या बर्फाच्या पेटीला हात लावला नाही." साहेबांनी त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली. सोमवारी १८ तारखेला चौकशी. बहुतेक घरी बसवतील. बाळ बारा दिवसांचे!
जाताना साहेब म्हणाले, "तुझ्या सहीसारखा पुरावा नाही बघ." शाबासकी होती.

१४ सप्टेंबर.
ताईकडे गेलो.
"तूच छापलास ना तो कागद?"
"मशीन छापतं, ताई."
"सही पण मशीनच करतं का?"
दाजी बाळाला थोपटत होते. म्हणाले, "त्याला कशाला बोलतेस? मास्तरांच्या कागदात चूक नसते." ताईने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.
आज साहेबांनी मलाही विचारले, दार नीट लागते ना? म्हटले, जड आहे, खांद्याने लोटल्याशिवाय बसत नाही. पण मी रोज लोटतो आणि ओढूनही बघतो.

१५ सप्टेंबर.
झोप नाही. अहवाल सात वेळा वाचला. सरळ.

१६ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.
नीट लिहितो.
यंत्र दर दहा मिनिटांनी तापमान टिपते. तासाला सहा, दिवसाला एकशे चव्वेचाळीस. एकतीस दिवसांच्या नोंदी हव्यात ४४६४. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले आहे — ४३२०. तीन वेळा गुणाकार केला. बरोबर एका दिवसाच्या नोंदी कमी!
तारखेशेजारी वेळेचा रकाना आहे. मी तो कधीच भरला नाही. रिकामा ठेवला की यंत्र शून्य वाजले असे धरते. म्हणजे ३१ तारीख सुरू होते तिथेच अहवाल संपतो. दीड वर्षात महिन्याचा शेवटचा दिवस कुणी बघितलेलाच नाही. मी बघितलेला नाही!
रकान्यात २३:५९ घातले. पुन्हा काढला.
३१ ऑगस्ट. चारला पाच अंश. चार वीसला नऊ. साडेपाचला सोळा. सात चाळीसला एकवीस. मग पुन्हा खाली.
माल खोलीतच तापला. गाडीत नव्हे!
आतली उरलेली खोकी उघडली. फळीवरच्या काही चौकोनांवर राखाडी झाक. सगळ्यांवर "काढू नये" अशी चिठ्ठी डकवली. साहेबांचा फोन लागत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार.
ताईला कागद दाखवला. तिला आकडे कळले नाहीत, पण रेषेचा डोंगर कळला. रडली, हसली, मला धपाटा घातला. "माझा भाऊ आहे तो!" दाजी म्हणाले, "मशीन बिघडलं असणार. कॉम्प्रेसर म्हातारा झालाय." मी म्हटले, उद्या तेच सांगू. बाळ पहिल्यांदा माझ्या मांडीवर झोपले. अर्धा तास हललो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.
शेवटी साहेबांचा फोन लागला. म्हणाले, "सकाळी ये. त्या दुपारी खोलीत कोण कधी गेलं, ते लिहून आण."

१८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.४०.
कोण कधी गेले ते लिहायचे म्हणून वही उघडली. ३१ तारखेचे पान काढले.
चार वाजून पाच. खोके फळीवर ठेवले. पळालो. टोपीसुद्धा लिहिली आहे. दार लोटल्याचे लिहिलेले नाही — आठवतही नाही. सात चाळीसला सकाळच्या गाडीचा माल बांधणारे आत गेले. जाताना त्यांनी लोटले असेल.
दाजी बाहेर बाकावर बसले आहेत. मला बघून त्यांनी अंगठा वर केला.
साहेबांनी हाक मारली. दोन्ही अहवाल घेतले. ही वहीही घेतो आहे.